घरगाडीची काळी तार

सुईबाईचा राग आधी हातात उतरायचा. हातातलं काम दुप्पट वेगानं व्हायला लागलं की वर्कशॉपमधली माणसं एकमेकांना म्हणायची, आज कुणाची तरी धडगत नाही. बसच्या त्या वर्कशॉपमध्ये तिनं सव्वीस वर्षं सीटा शिवल्या. जाड रेक्झिन, मेण लावलेला दोरा आणि बोटाएवढ्या सुया. खरं नाव पगारपत्रकापुरतं, बाकी सगळ्यांची ती सुईबाई.

नवरा तिथलाच रंगारी. त्यानं रंगवलेल्या बसच्या ओल्या दारावर हिनं एकदा हात टेकला. तो भांडायला म्हणून आला आणि बोलत बसला, ते आजतागायत. माणूस कामाला वाघ, पण एक खूळ होतं. गंज म्हणजे त्याचा जन्माचा वैरी. कुठे उघडं लोखंड दिसलं की याला चैन पडायचं नाही, ब्रश घेऊन हजर.

निवृत्तीच्या आधी दोघांनी वर्कशॉपमधून मोडीत निघालेली एक छोटी बस घेतली आणि तिची घरगाडी केली. आत पलंग, शेगडी, भांडी धुवायचं बेसिन, पाण्याची टाकी आणि पंप. गाद्या-पडदे तिचे, पत्रा आणि रंग त्याचा. गाडी आता तीस वर्षांची झाली, पण वर्षातले तीन महिने दोघं तिच्यातच राहायची. घरी ज्याला त्याला आपापली खोली होती. गाडीत मात्र एक उठला की दुसऱ्याला पाय आखडावे लागत, आणि त्यावरूनच गप्पा सुरू होत. सुईबाईला ते तीन महिने बाकीच्या नऊ महिन्यांपेक्षा मोठे वाटायचे.

मग रंगाऱ्याची छाती गेली. जन्मभर फवाऱ्याचा रंग नाकातोंडात घेतला, दुसरं काय होणार? डॉक्टरांनी सांगितलं, झोपताना नाकाला मशीन लावल्याशिवाय झोपायचं नाही. ते मशीन गाडीच्या बॅटरीवर चालायचं. म्हणजे हिशोब साधा होता. मशीन चाललं तर गाडी, नाहीतर घरात बसा.

आणि ते चालेना. मागच्या खेपेला मशीन सुरू होऊन दहा मिनिटांत पीं पीं करून बंद पडलं. पंप दम्याच्या पेशंटसारखा कण्हायचा. दिवे लागायचे, पण पंप सुरू केला की मरगळायचे. गॅरेजवाल्याकडे नेली, त्यानं बॅटरी बदलली. पुन्हा तेच. त्यानं दुसरी बदलली. तरी तेच. तिसऱ्या वेळी सुईबाई एकटीच गेली तर म्हणतो, "साहेबांना पाठवा मावशी, तुम्हाला सांगून कळायचं नाही." साहेब आल्यावर त्यांना म्हणाला, वायरिंग म्हातारं झालंय, गाडी भंगारात काढा. तीन खेपांत त्या माणसानं एकदासुद्धा कंबर वाकवून खाली पाहिलं नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. वर पुन्हा तोंड वर करून सांगतो, कळायचं नाही.

लेक परगावी. तो फोनवरून, उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत. रविवारी सकाळी त्याचा फोन आला. "आई, गाडीला गिऱ्हाईक मिळालंय. आज चार वाजता न्यायला येईल. किल्ली काढून ठेव."

"कुणाला विचारून?"

"ठरलंय सगळं. तू डोक्याला ताप करून घेऊ नकोस."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या गाडीतली एकूण एक गादी तिनं शिवली, त्या गाडीचं ठरतं आणि तिलाच पत्ता नाही. फोन ठेवला तेव्हा रंगारी खिडकीशी बसून नखं न्याहाळत होता. ती शेजारच्या वायरमनकडे गेली, वीज मोजायचा मीटर मागून आणला, जुनी पंजाबी कुर्ती चढवली आणि गाडीशी जाऊन उभी राहिली.

आता तिला यातलं काय येत होतं, असं कुणी विचारेल. सव्वीस वर्षं तिचं शिलाई मशीन वर्कशॉपच्या वायरमनच्या टेबलाला खेटून होतं. माणसं समजत, ही खाली मान घालून शिवतेय. मान खाली होती, कान नव्हते. शिवाय तिची कामाची एक रीत होती. सीट फाटली तर भोकाकडे बघायचं नाही. शिवण चिमटीत धरायची आणि उसवलेलं टोक हाताला लागेपर्यंत चालत जायचं.

तिनं पंप सुरू केला आणि बॅटरीवर मीटर धरला. बारा पॉइंट चार. बॅटरी ठणठणीत. मग पंपाच्या तारांवर धरला. नऊ पॉइंट आठ. म्हणजे वाटेत कुठेतरी वीज अडत होती, आणि इतके दिवस सगळे बॅटरीलाच शिव्या देत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी. लाल तार तिनं वीतवीत तपासली, ती चांगली निघाली. राहिली काळी, पंप, दिवे, मशीन सगळ्यांची एकच. तिनं घरातून लांब वायर आणली, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट पंपाला लावलं. पंप असा जोरात सुरू झाला की बेसिनमधलं पाणी तिच्या तोंडावर उडालं.

दोष काळ्या तारेच्या परतीच्या वाटेत होता. ही तार गाडीखाली लोखंडी सांगाड्याला बोल्टनं आवळलेली असते आणि वीज सांगाड्यातून परत जाते. सुईबाई चटईवर आडवी होऊन गाडीखाली सरकली. बोल्ट सापडला. काळाभोर, चकचकीत, आरशासारखा. पाना लावून तिनं तो उघडला. तारेच्या टोकाखालीसुद्धा रंग, सांगाड्यावरही रंग, दोन हात दिलेला. लोखंडाला लोखंड भेटतच नव्हतं. भेट व्हायची ती बोल्टच्या आट्यांतून, तेवढ्यावर दिवा लागे, मशीन नाही.

हा हात कुणाचा, हे विचारायची गरजच नव्हती. एवढं मन लावून बोल्ट उघडून खालून रंगवणारा माणूस या जगात एकच होता.

"अहो," ती खालूनच म्हणाली, "इकडे या."

रंगारी स्टूल घेऊन आला, हळूहळू वाकला आणि तिच्या हातातला बोल्ट पाहून म्हणाला, "गेल्या वर्षी असे चारही बोल्ट खोलून रंगवले होते. गंज धरेल म्हणून."

"गंज नाही धरला. गाडी मेली."

"मी केलं होय हे." तो स्टुलावर टेकला. दम लागला होता, पण नुसता दम नव्हता. "आणि अगं, विकायचंही मीच म्हणालो. पोराचा दोष नाही. म्हटलं, माझं हे असं आजारपण, ते मशीन, त्यात ही गाडी. तू दमलीस. तुझ्यावर म्हणायची वेळ येऊ नये म्हणून मीच सांगून टाकलं."

सुईबाईच्या हातातला पॉलिश पेपर चालायला लागला. बोल्टवरचा रंग भुग्यासारखा गळू लागला. गॅरेजवाल्याचा राग सोपा होता, लेकाचाही सोपा होता. हा गिळता येईना. एवढी वर्षं ज्याच्या शेजारी पाय आखडून झोपले, त्यानं मी दमले हे परस्पर ठरवावं. ती घासत राहिली, सांगाड्याचंही लोखंड पांढरं दिसेपर्यंत.

तार आवळली तेव्हा तो भीतभीत म्हणाला, "वरून एक हात मारू का? उघडं राहील."

"ब्रशला हात लावलात तर बघा. ग्रीसचा डबा द्या."

त्यानं दिला.

दुपारी दोन वाजता तिनं त्याला गाडीतल्या पलंगावर झोपवलं, नाकाला मशीन लावलं आणि स्वतः मीटर घेऊन पायरीवर बसली. दहा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. मशीन एका सुरात घुमत होतं आणि रंगारी तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. पावणेचारला लेकाचा फोन आला.

"आई, माणूस निघालाय. किल्ली काढलीस का?"

"त्याला परत पाठव. तुझे बाबा गाडीत झोपलेत. पावणेदोन तास मशीन चालू आहे, मीटरचा आकडा जागचा हलला नाही."

"अगं, पण बाबाच हो म्हणाले होते. त्यांना विचारलंस का?"

"नाही विचारलं," सुईबाई म्हणाली. "त्यांनी मला विचारलं होतं?"

तिनं फोन पायरीवर ठेवला, पाना उचलला आणि उरलेले तीन बोल्ट बघायला गाडीखाली गेली.