दादाचं बोलणं, माझी सही

आसनगाव स्टेशनावर दादानं माझी ट्रंक बैलगाडीतून उतरवली आणि फलाटावर आणून ठेवली. "राहू दे, मी घेतो," म्हटलं, पण त्यानं ऐकलं नाही. तुरुंगातून येऊन त्याला चार महिने झाले होते, खांदे अजून भरले नव्हते. इगतपुरीकडची पॅसेंजर यायला वेळ होता. आम्ही दोघे बाकावर बसून राहिलो. बैलांना पाणी दाखवायचं राहिलं, एवढं तो एकदा म्हणाला. गाडी आली तेव्हा ट्रंक आत सरकवून म्हणाला, "पोचलास की कागद टाक." मला रडू आलं नाही. खिडकीतून मागं पाहिलं तेव्हा तो पाठ फिरवून बैलांकडे चालला होता.

इगतपुरीला गाडी बदलून मी जबलपूरला आलो आणि इथलाच झालो. एका कारखान्याच्या दफ्तरात बाबू म्हणून लागलो. भाताला चावल आणि भाजीला तरकारी म्हणायला शिकलो, थंडीत सिगडीपुढं बसायला शिकलो. शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर आपलं गाव. तिथून बाहेर पडलेले पुष्कळ आहेत, बहुतेक पोटासाठी गेले. मी का गेलो हे गावातल्या कुणी मला विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. तुमच्यापैकी ज्यांना ते दिवस आठवतात आणि जे माझ्यासारखे दूर आहेत, त्या सगळ्यांसाठी आता लिहून ठेवतो.

दादा म्हणजे दामोदर, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले. शेती त्यानं सांभाळली आणि मला फायनलपर्यंत शिकवलं. मी कचेरीत कारकून झालो. बेचाळीस साली इंग्रज सरकार लढाईसाठी गावागावांतून भात आणि गवत नेत होतं. दादा त्याविरुद्ध देवळासमोर बोलला आणि दीड वर्ष आत गेला. मी त्याच सरकारचा कारकून. न्हावी माझी दाढी करीना, पाणवठ्यावर बाया तोंड फिरवीत. आई तेवढी हसायची. म्हणायची, "एक तुरुंगात, एक कचेरीत. माजे दोनी पोरगे सरकारच्याच घरी!"

मग स्वातंत्र्य आलं. साहेब बदलले, माझं टेबल तेच राहिलं. मधे काही महिने लेव्ही उठली, म्हणजे शेतकऱ्याकडून सक्तीनं भात घेणं बंद झालं. पण दुसऱ्या हंगामात ती पुन्हा सुरू झाली. शहरांत धान्य नव्हतं, निर्वासित येऊन पडले होते. आमचा पुरवठ्याचा साहेब वाईट माणूस नव्हता. लोक रेशनच्या रांगेत चक्कर येऊन पडताना त्यानं मुंबईत पाहिलं होतं, ते तो पुन्हा पुन्हा सांगायचा. मला गावकरी आता "सदाभाऊ" म्हणू लागले. तुम्ही देशाचं काम करता, म्हणायचे. काम तेच होतं. बेचाळीस साली मला लाज वाटली नव्हती, आता अभिमान वाटला नाही.

त्या हंगामात साहेबाबरोबर आम्ही ठाकर आदिवासींच्या वाडीवर गेलो. ठरलेलं भात पुरं पडेना, तेव्हा शिपायांनी झोपड्यांतल्या कणग्या पाहिल्या. बुधी नावाची बाई कणगीला हात लावून उभी राहिली. "साहेब, ह्यो पेराचा भात हाय. खायाचा नाय." साहेब म्हणाला, पेरणीच्या वेळी सरकार बियाणं देईल. मी ते कागदावर मांडलं नाही, कारण साहेबानं मांडायला सांगितलं नव्हतं. कणगी रिकामी झाली. बुधी रडली नाही. कणगी आडवी करून तिनं आत हात घालून पाहिलं, एवढं लक्षात आहे.

घरी आल्यावर मी हे दादाला सांगितलं. मीच सांगितलं. त्यानं दोन-तीनदा विचारलं, "बियानं? नक्की बियानं?"

पुढच्याच आठवड्यात शाळेच्या पटांगणात सभा होती. तुरुंगात जाऊन आलेल्यांचा सत्कार होता. तालुक्याहून कमिटीची माणसं आली होती. दादाच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि दोन शब्द बोला म्हणाले. त्यानं हार काढून टेबलावर ठेवला.

"बेचाळीसला मी जे बोल्लो त्याच्यासाठी हा हार हाय," तो म्हणाला. "आज तेच बोलनार हाय. वाडीवरचा पेराचा भात उचलला. शेरातल्या मानसाला खायाला पायजे, नाय कोन म्हनतो? पन बियानं नेलं तर फुडल्या साली वाडी बी उपाशी नि शेर बी उपाशी. बियानं देऊ नका. मागाया आले तर माझं नाव सांगा."

अध्यक्ष उठून उभे राहिले. तेही दादाबरोबर आत होते, एकाच बराकीत. म्हणाले, "दामोदर, हे आपलं सरकार आहे. दोन वर्षांचं पोर आहे अजून. परक्यांना हसायला कारण देतोस?"

"परक्याचं व्हतं तवा सांगून उपेग नव्हता, तरी सांगितलं," दादा म्हणाला. "आता आपलं हाय. आपल्याला नाय सांगायचं, तर कोनाला सांगू?"

मागून कुणीतरी ओरडलं, "फितूर!" मग आणखी चार जण ओरडले. न्हावी त्यांत होता. मी दुसऱ्या रांगेत, साहेबाशेजारी बसलो होतो. माझे हात मांडीवर होते.

आठ दिवसांनी मला साहेबाच्या खोलीत बोलावलं. जबाब तयार होता, मला फक्त वाचून सही करायची होती. मी सभेला होतो, सख्खा भाऊ होतो, म्हणजे माझ्या जबाबाला वजन होतं. कागदावर लिहिलं होतं : "धान्य देऊ नका, असे दामोदर याने लोकांस सांगितले." मी ते वाचलं. दादा "बियानं" म्हणाला होता. बियाणं देऊ नका म्हणणं निराळं आणि धान्य देऊ नका म्हणणं निराळं, हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी समजावून द्यायला नको.

मी म्हणालो, "साहेब, शब्द थोडा वेगळा होता."

साहेब थकलेला दिसत होता. म्हणाला, "बियाणं धान्यच असतं ना, सदाशिव?"

मी सही केली. कुणी धमकी दिली नव्हती. भीतीही फार वाटली नाही. काहीच वाटलं नाही, तेच आजवर कळत नाही.

दादाला नेलं. पाच महिने ठेवलं. आईनं मला एका शब्दानं विचारलं नाही, ताट वाढत राहिली. मात्र सभेतलं त्याचं बोलणं कुठंतरी वर पोचलं असावं. पावसाच्या तोंडावर एक मोठा अधिकारी वाडीवर आला, चौकशी केली, आणि मृग निघायच्या आत बियाणं परत आलं. सगळं नाही, पण पेरण्यापुरतं आलं. भाताची पोती मीच मोजून उतरवली. बुधीनं माझ्याकडं पाहून विचारलं, "दामूदादा कवा येनार?"

तो आला तेव्हा वाडीवरची रोपं वीतभर झाली होती. आम्ही दोघे बांधावर उभे होतो. मी म्हणालो, "दादा, कागदावर बियाणं हा शब्द नव्हता."

"ठावं हाय. मला वाचून दावला ना."

"मग तू कुणाला काही..."

"काय बोलू? सही वळखली तुझी. मीच गिरवून घेतली व्हती ना ती." मग तो लावणीच्या रोपांचं आवण बघायला खाली उतरला. रागावला असता तर मी गावात राहू शकलो असतो, असं नंतर पुष्कळ वर्षं वाटत आलं. दिवाळीनंतर मी राजीनामा दिला.

दादाची पत्रं येत राहिली. प्रत्येक पत्रात सरकारची एखादी तक्रार असे, विहिरीची, रस्त्याची, दवाखान्यातल्या औषधाची. आणि प्रत्येक पत्रात असंही असे, की शाळेला दुसरा मास्तर दिला सरकारनं, बरं केलं. त्याला दोन्ही सारख्याच सहज लिहिता येत. मरेपर्यंत कुणी ना कुणी त्याला फितूर म्हणतच होतं. तरी झेंडावंदनाला तो पहिला जाऊन उभा राही, हे मला दुसऱ्यांनी कळवलं.

तो गेल्यावर मी गावी आलो. त्याची मुलगी शांता ओटीवर एका सरकारी माणसाशी बांधाच्या कामावरून भांडत होती. तिचं बरोबर होतं. मला कागदपत्रांतलं कळतं, दोन वाक्यांत त्या माणसाला गप्प करता आलं असतं. ती वळून म्हणाली, "काका, तुमी सांगा ना ह्यांना. तुमी कचेरीत व्हता."

मी म्हणालो, "तुमचं गाव आहे. तूच सांग."

"तुमचं नाय?"

तिला ते टोचून म्हणायचं नव्हतं, ती खरंच विचारत होती. जबलपुरात माझं मकान आहे, माणसं आहेत, तिथं सगळं ठीक चाललं आहे, आणि तिथल्या कशाबद्दल मी कधी कुणाशी भांडलो नाही. शांता पुन्हा त्या माणसाकडे वळली आणि आवाज चढवून बोलू लागली. मी ओटीच्या कडेला बसून ऐकत राहिलो. घर म्हटलं की आता मला तेवढंच ऐकू येतं.