विझणारी ज्योत आणि उमाळे यांची तपासपद्धती

या लेखात मला एकच विधान सिद्ध करायचे आहे. श्री. दत्तात्रय उमाळे यांनी आमच्या कारखान्यातील एका निरपराध माणसाची नोकरी वाचवली, आणि ती दयेने नव्हे, पद्धतीने वाचवली. ते दयाळू आहेत हे या गौरवग्रंथातले इतर लेखक सांगतीलच. मी ते गृहीत धरतो. त्यांच्या अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने त्यांच्या पद्धतीची नोंद कोणीतरी करायला हवी, म्हणून हे लेखन.

आमचा पहिला परिचय हीट ट्रीटमेंट शॉपमधला. मी नागपूरहून भोपाळला नुकताच येऊन निरीक्षण विभागात रुजू झालो होतो. वडिलांनी लहानपणीच न्यायशास्त्राचे, म्हणजे जुन्या तर्कशास्त्राचे, पाठ दिले होते, त्यामुळे दोन विधाने हाती आली की तिसरे सिद्ध करण्याची मला घाई असे. एका भट्टीपाशी तिथले तंत्रज्ञ उमाळे गुडघे टेकून, नॉब दाबून धरून, आत पाहत बसले होते. भट्टी केव्हा सुरू होणार, असे मी दोनदा विचारले. उत्तर आले नाही. मग त्यांनी हळूच नॉब सोडला, आतली ज्योत टिकली याची खात्री केली आणि उभे राहिले.

"माफ करा साहेब, तीस मोजत होतो. मधे बोललो असतो तर पुन्हा एकपासून."

त्या दिवशी त्यांनी मला पायलट समजावून सांगितला. पायलट म्हणजे मुख्य बर्नर पेटवण्यासाठी सतत जळत ठेवलेली बोटाएवढी ज्योत. तिच्यात थर्मोकपल नावाची एक बारीक सळई असते. ती तापलेली असेतो गॅसची झडप उघडी राहते. ज्योत विझून ती निवली की झडप आपोआप बंद होते. सळई तापायला अर्धे मिनिट लागते. "तेवढे अर्धे मिनिट कोणी देत नाही," ते म्हणाले, "आणि मग तक्रार येते, पायलट खराब आहे."

आता मुख्य प्रसंग. परदेशी तज्ज्ञांसाठी बांधलेल्या आमच्या अतिथिगृहाच्या दिवाणखान्यात गॅसवर चालणारी एक फायरप्लेस होती. एका हिवाळ्यात तिचा पायलट वारंवार विझू लागला. एकदा खोलीत गॅसचा वास आला आणि तिथे उतरलेल्या पाहुण्यांनी थेट व्यवस्थापनाकडे तक्रार केली. चौकशी माझ्याकडे आली. अतिथिगृहात दोन कर्मचारी आठवड्याआड काम करीत. हजेरीपट पाहता असे दिसले, की पायलट विझतो तो केवळ हबीबमियाँ यांच्या आठवड्यात. दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या आठवड्यात तो कधीच विझत नाही. हबीबमियाँ असले की दोष आहे, नसले की नाही. अन्वयही जुळला, व्यतिरेकही जुळला. आरोप असा होता, की ते नॉबशी निष्काळजीपणे खेळतात. तो सिद्ध झाला असता तर नोकरी गेली असती आणि तिच्याबरोबर कारखान्याच्या वसाहतीतले क्वार्टरही; त्यांची तीन मुले वसाहतीच्याच शाळेत होती.

हबीबमियाँ मला एवढेच म्हणाले, "साहब, मैं तो उस अंगीठी को हाथ भी नहीं लगाता। मुझे उससे डर लगता है।"

तांत्रिक तपासणीसाठी उमाळे आले. त्यांचा एक नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलली की थांबून पाहायचे. प्रथम त्यांनी सांध्यांना साबणाचे पाणी लावले. बुडबुडे आले नाहीत, म्हणजे गळती नव्हती. ज्योत किंचित पिवळी होती, म्हणून गॅस सोडणारा बारीक जेट काढून साफ केला; ती निळी झाली आणि सळईच्या टोकाला नीट लपेटू लागली. तीस मोजून नॉब सोडला, ज्योत टिकली. थर्मोकपल निर्दोष, झडप निर्दोष. मी म्हणालो, "म्हणजे यंत्रात दोष नाही. मग माणसातच आहे."

"यंत्र आणि माणूस, दोनच गोष्टी आहेत का साहेब या घरात?" त्यांनी विचारले, आणि ते स्वयंपाकघराकडे वळले.

"मियाँ, आप आते हैं तो क्या-क्या करते हैं? शुरू से बताइए।"

"क्या करूँगा, चाय बनाता हूँ। फिर दाल चढ़ाता हूँ, फिर तड़का।"

"और तड़के के वक़्त?"

"पंखा चलाता हूँ। नहीं तो मिर्ची से मेहमान खाँसते हैं, फिर उसकी भी शिकायत।"

उमाळे यांनी दुसऱ्या कर्मचाऱ्याला बोलावून विचारले. तो स्वयंपाक करीतच नसे. त्याच्या आठवड्यात जेवण कँटीनमधून येई. मग थंडीत असतात तशा सर्व खिडक्या बंद करवल्या, एक उदबत्ती पेटवून फायरप्लेसच्या तोंडाशी धरली आणि हबीबमियाँना स्वयंपाकघराच्या भिंतीतला एक्झॉस्ट फॅन लावायला सांगितले. वर जाणारा धूर थबकला आणि खोलीत येऊ लागला. बंद घरातली हवा पंखा बाहेर फेकत होता, आणि तिची भरपाई धुराड्यातून खाली येणारी हवा करीत होती. ज्योत वाकली, फडफडली, विझली. झडप बंद होईपर्यंतचा थोडा गॅस त्याच हवेबरोबर खोलीत आला. तोच तो वास.

धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, अग्नीवरून धुराचे नाही. धुरासाठी इंधन ओले असावे लागते. या ओल्या इंधनाला, म्हणजे नजरेआड राहणाऱ्या खऱ्या अटीला, न्यायशास्त्र 'उपाधी' म्हणते. इथे उपाधी होती फोडणीचा पंखा. हा पाठ मी दहाव्या वर्षी घोकला होता. तो प्रत्यक्षात दाखवला शास्त्र न शिकलेल्या एका तंत्रज्ञाने. स्वयंपाकघराची खिडकी वीतभर उघडी ठेवायची, एवढाच उपाय निघाला. हबीबमियाँ त्याच नोकरीतून सन्मानाने निवृत्त झाले.

व्यक्तिगत ऋणाची एकच गोष्ट सांगतो. माझ्या पत्नीच्या आजारपणात आम्ही न्हाणीघरात गॅस गीझर बसवला. उमाळे भेटीला आले, त्यांनी तो पाहिला, आणि चहाला हात लावण्यापूर्वी झरोक्याची काच काढून जमिनीवर ठेवली. थंडी येईल, असे मी म्हणालो. "थंडी येऊ द्या वहिनींना, गरम पाणी आहे ना. बंद न्हाणीघरात याचा विषारी वायू साचतो. काच बसवायची असेल तर गीझर काढून टाका." झरोका आजही उघडा आहे, आणि पत्नी आजही त्यांच्याविषयी माझ्यापेक्षा अधिक आदराने बोलते.

अयोध्या नगरातल्या त्यांच्या घरी आजही शेजारी आपापल्या शेगड्यांच्या तक्रारी घेऊन येतात. त्यांचे गुडघे बळकट राहोत, नजर आहे तशीच तीक्ष्ण राहो, आणि शंभरी ओलांडल्यावरही त्यांना आम्हा घाईच्या माणसांना थांबवता येवो, ही मनःपूर्वक इच्छा.

एक कबुली द्यायची राहिली आहे. त्या दिवशी उदबत्ती मागण्यापूर्वी उमाळे यांनी धूर करण्यासाठी माझ्याकडे एक कागद मागितला होता. मी फाइलमधला वरचा कागद न पाहताच दिला. त्यांनी तो वाचला आणि परत केला. "हा नको साहेब. यावर तुमची सही झालेली आहे." हबीबमियाँ दोषी असल्याचा तो निष्कर्ष मी आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता, तपासणी केवळ उपचार म्हणून ठेवली होती. उमाळे यांनी हे आजवर कोणालाही सांगितले नाही. हबीबमियाँनाही नाही. मीही नाही. तपासाआधी निर्णय लिहिणे ही माझी चूक होती, आणि ती मी येथे माझ्या सहीनिशी मान्य करतो.

वि. ना. पाठराबे
निवृत्त अधिकारी, निरीक्षण विभाग
शाहपुरा, भोपाळ