संत्रा बर्फी

मुलगी घरातून निघून गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही सोसायटीत सांगून टाकलं, ती नागपूरला मावशीकडे गेलीय, तिकडचे क्लास चांगले आहेत. नवऱ्याने सांगितलं आणि मी शेजारी उभी राहून मान हलवली. मेडिकलच्या सराव परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून त्याने तिच्या थोबाडीत मारली, तेव्हाही मी अशीच शेजारी उभी होते. पावणेअठरा वर्षांची पोर, दप्तर घेऊन क्लासला म्हणून गेली ती आलीच नाही.

चौथ्या दिवशी फोन आला. ती स्टेशनवर सापडली होती आणि मुलींच्या निवाऱ्यात सुखरूप होती. कोथरूडहून बसने फार तर तास. पण आमच्या बिल्डिंगपुरती ती नागपूरलाच राहिली.

निवाऱ्यातली एक ताई दर गुरुवारी घरी यायची. मुलीला पाठवण्याआधी घराची तयारी करून घ्यावी लागते, असं तिचं म्हणणं. मला संतापच आला. दोघंही शिक्षक आम्ही, ही पंचविशीतली पोरगी आम्हाला काय शिकवणार! एकदा तिने विचारलं, "ती दारात आली की तुमचं पहिलं वाक्य काय असेल?"

"हातपाय धू," नवरा म्हणाला.

ताई हसली नाही. तिने आम्हाला वाक्य लिहायला लावलं. प्रश्न नको, उपदेश नको, मार्कांचा विषय नको. "पहिल्याच दिवशी बिनसलं, तर ती टिकणार नाही," असंही बजावलं. मी लिहीत होते, खोडत होते. सात आठवड्यांनी जमलं: 'ये. त्या दिवशी मी मध्ये पडायला हवं होतं.' कणीक मळताना मी ते पुटपुटायचे. आयुष्यात इतकं खरं मी दुसरं काही लिहिलेलं नाही.

तिला आणायच्या दिवशी नवऱ्याने माळ्यावरची मोठी बॅग काढली आणि तीत जुन्या चादरी कोंबल्या. नागपूरहून आलेलं माणूस नुसतं दप्तर घेऊन कसं येईल? वाटेत त्याने संत्रा बर्फीचा मोठा खोका घेतला. पुण्यातच, अर्थात.

मी घराच्या दारात थांबले होते. लिफ्टचं दार उघडलं. ती बाहेर आली. वाळली होती, मान खाली होती. मागे बॅग घेऊन तिचा बाप. मी तोंड उघडलं आणि नेमकं तेव्हाच समोरचं दार वाजलं. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"काय गं, नागपूरला ऊन फार होतं का?" हे मीच विचारलं. माझ्याच तोंडाने.

मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग काकूंकडे वळून छान हसली. "खूप हो काकू. दुपारी बाहेर पडवत नव्हतं."

नवऱ्याने लगेच तिच्या हातात बर्फीचा खोका दिला. ती चारही मजले फिरली. मावशी बरी आहे, क्लास चांगले आहेत, सगळं आमच्यापेक्षा सफाईने सांगून आली. रिकामा खोका ओट्यावर ठेवून तिने विचारलं, "आई, काही चुकलं का माझं?"

"नाही गं," मी म्हटलं. घरात तेव्हा कोणीही परकं नव्हतं. दार लावलेलं होतं. तरी ते वाक्य मला म्हणता आलं नाही. लाज वाटली मला, आणि ती लाजही मी गिळली.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "बोललात ना ठरल्याप्रमाणे?"

"हो, अगदी," मी म्हटलं.

मुलगी महिनाभर राहिली. वेळेवर जेवायची, अभ्यासाला बसायची, पाहुण्यासारखी विचारून फ्रिज उघडायची. अठरा पूर्ण झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी गेली. या वेळी मोठी बॅग घेऊन. आतल्या जुन्या चादरी घडी घालून पलंगावर ठेवल्या होत्या.

ती कुठेतरी नोकरी करते, बरी आहे, एवढंच ताई सांगते. पत्ता देऊ नका, असं तिनेच बजावलंय. नवऱ्याने सोसायटीत सांगितलं, नागपूरलाच ॲडमिशन मिळाली.

परवा काकू लिफ्टमध्ये भेटल्या. "पुढच्या वेळी येताना बर्फी आणायला सांगा हो तिला. फार छान होती."

"सांगते," मी म्हटलं.