मागचेच थेंब

उजव्या डोळ्यावर तळहात धरून तो जीपवाला माझ्या दुकानाची पायरी चढायचा. "डागदर, ऊन टोचून राह्यलंय. मागचेच थेंब द्या."

मी डॉक्टर नाही. जाफराबादेत जीपा लागतात, तिथे समोर माझं मेडिकल आहे. पण 'डागदर' ऐकायला मला बरं वाटायचं. मी त्याला कधी टोकलं नाही आणि तपासणीची चिठ्ठीही मागितली नाही. माझी चूक तिथून सुरू होते.

त्याची जीप जालन्याला जायची. "दबून बसा, जीप रबराची हाय!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. एकदा एका म्हातारीनं लाल डोळा पाहून विचारलं, "पिऊन आलास का रे?"

"आज्जे, पिलो असतो तर तुला पुढं बसवलं असतं का?"

मी स्टिरॉइडचे थेंब द्यायचो. दोन दिवसांत लाली जायची, महिन्या-दोन महिन्यांनी परत यायची. त्याआधी पोट बिघडलेलं असायचं. त्यासाठी मी दुसऱ्या कप्प्यातून गोळ्या काढायचो. पोटाचा कप्पा वेगळा, डोळ्याचा वेगळा. माझ्या डोक्यातही तसंच होतं.

एकदा त्याची बायको आली. "भाऊ, ह्यांचं पोट गेलं की डोळा बराबर मागून येतो. आग एकच तर न्हाई?"

"वहिनी, पोट कुठं, डोळा कुठं!" मी हसलो. तोही हसला.

मग तो सांगू लागला, दिव्याभोवती कडी दिसतात. एका सकाळी, लख्ख उजेडात, त्याची जीप माझ्या पायरीला घासली. "पायरीच पुढं आल्ती," तो म्हणाला. स्टँडवरचे सगळे हसले, मीही हसलो. जीपमध्ये शाळेच्या पोरी बसल्या होत्या. त्या दिवशीही मी थेंब दिले.

शेवटी उजव्या डोळ्यानं दिसेनासं झालं, तेव्हा त्याच्यासोबत मीच जालन्याला डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी पोटाचंच विचारलं. म्हणाल्या, डोळ्याला आतून सूज येते. आतड्यातल्या जंतूंचा तोल बिघडला, तर काहींच्या बाबतीत शरीराची राखण करणारी ताकदच डोळ्यावर उलटत असावी. यावर अजून संशोधन चालू आहे. यांचं तसंच झालं, असं छातीठोक सांगता येत नाही. पण थेंबांबद्दल त्यांना शंका नव्हती. न तपासता वर्षानुवर्षं टाकल्यानं डोळ्यातला दाब वाढला होता, नस सुकली होती. उजवी नजर आता परत येणार नव्हती. डाव्या डोळ्यातही सूज सुरू झाली होती.

"हे थेंब कुणी दिले?"

मी खाली पाहिलं. त्यानं माझ्याकडे मान वळवली, मग डॉक्टरांकडे.

"असंच, मॅडम. इकडून तिकडून."



जीप विकली गेली. नवा ड्रायव्हर "बसा, बसा" एवढंच म्हणतो. मी स्टँडकडे पाठ करून बसू लागलो. अखेर एका दुपारी त्याच्या घरी गेलो. तो ओसरीवर होता. माझा आवाज ऐकून सवयीनं तळहात उजव्या डोळ्यावर गेला. ऊन तर आता तिथं टोचतही नव्हतं.

"या डागदर. वहिनी म्हणता ना तिला, तिच्या हातचा चहा घ्या."

मी उभाच राहिलो.

"मी डागदर नाही, भाऊ. कधीच नव्हतो. तुम्हाला काय झालंय ते मला कळत नव्हतं, तरी देत राहिलो. वहिनी विचारत होत्या तेव्हा हसलो. मॅडमसमोर तुम्ही मला झाकलंत, तेव्हाही गप्प बसलो. चूक माझी आहे. मला माफ करा."