मनगटाखालचा हात

माझी आत्या दुकानांच्या पाट्या रंगवते. आमच्या भागातल्या निम्म्या दुकानांची नावं तिच्या हातची आहेत. छापील फलक आले तेव्हा लोक म्हणाले, आता हिचं काही खरं नाही. मग उन्हाने ते फलक पांढरेफटक पडले आणि दुकानदार मुकाट्याने परत आले. आत्याने कोणाला टोमणा मारला नाही, फक्त दर वाढवला.

गंमत अशी की तिचा हात थरथरतो. जन्मापासूनच. तिने कप बशीत ठेवला की शेजारच्या खोलीत कळतं. पण पाटीवर काठी आडवी टेकवून तिने त्यावर मनगट ठेवलं, की तोच हात असा स्थिर होतो की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. मी लहानपणापासून बघतेय आणि अजून मला त्याची सवय झालेली नाही.

काठीच्या आधी माझे बाबा होते, तिचे धाकटे भाऊ. आजोबा गेल्यावर तिने हे काम धरलं, तेव्हा बाबा शेजारी उभे राहून आपला हात आडवा धरायचे आणि ती त्यावर मनगट टेकून अक्षरं काढायची. बाबांना नोकरी लागली तेव्हा काठी आली. पुढे दोघांनी मिळून घर घेतलं, कर्जावर आणि खरेदीखतावर दोघांची नावं घातली आणि आम्ही सगळे तिथेच राहिलो.

यंदा बाबांनी वेगळं घर घ्यायचं ठरवलं. आईची नोकरी लांब, खोल्या अपुऱ्या. पण जुन्या कर्जात नाव असताना बँक त्यांना नवीन कर्ज देईना. म्हणून आत्याने एकटीच्या नावावर कर्ज घेऊन जुनं फेडायचं आणि बाबांनी आपला हक्क सोडायचा, असं ठरलं. नाहीतर घर विकायचं. आत्या "बरं" म्हणाली आणि त्या दिवसापासून बाबांशी बोलायची बंद झाली. "तुझ्या बापाला सांग, भाजी गॅसवर आहे." बाप समोरच बसलेला असायचा.

सह्यांच्या दिवशी मी दोघांच्या मध्ये बसले. बँकेत गेलं की मला उगाचच चोरी केल्यासारखं वाटतं. आत्याने पहिली सही केली आणि कर्ज बघणाऱ्या मॅडमनी जुन्या कर्जाचा कागद शेजारी ठेवला. जुनी सही रेखीव, वळणदार. नवी म्हणजे मुंगी शाईत पडून चालत गेलेली.

"ही जुळत नाही, काकू. तुम्ही अंगठा लावा, नियमात बसतं."

"मी अख्ख्या रस्त्याची नावं लिहिली," आत्या म्हणाली. "माझ्याच घराला अंगठा नाही लावणार."

"मग मला पुढे जाता येणार नाही."

मी म्हटलं, "काठी घेऊन येऊ का?"

"काठी उभ्या पाटीला. आडव्या टेबलावर ती काय कामाची?"

आत्याचा हट्ट मला ठाऊक होता. घर जाईल, पण ही अंगठा लावणार नाही.

बाबांनी खुर्ची ओढली. शर्टाची बाही वर सारली आणि उजवा हात टेबलावर आडवा ठेवला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घर घेतानाही त्यांनी सवयीने हात पुढे केला असणार, आणि तिनेही सवयीने मनगट टेकलं असणार. ती रेखीव सही दोघांची होती.

आत्याने पेन पुन्हा उचललं.

"हात धरता येणार नाही हं," मॅडम म्हणाल्या.

"धरत नाही. नुसता टेकू देतोय."

आत्याने मनगट ठेवलं. थरथर थांबली. पेन निघालं तसा बाबांचा हातही खालून केसभर सरकत गेला, काना आला की थांबला, वळण आलं की वळला. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. इतक्या वर्षांनी ते हाताला अजून येत होतं, आणि मी आ वासून बघत होते. मॅडमनी दोन्ही सह्या पाहिल्या, पुन्हा पाहिल्या आणि पुढचं पान हळूच सरकवलं. मग पुढचं, त्याच्या पुढचं. पानं संपेचनात, आणि मला ती संपू नयेत असं वाटत होतं.

शेवटी हक्कसोडपत्र आलं. आता बाबांची पाळी. त्यांनी पेन उचललं आणि ते बोटांतून गळून पडलं.

"मुंग्या आल्यात," बाबा ओशाळून म्हणाले.

"लहानपणीही यायच्या," आत्या म्हणाली. इतक्या दिवसांनी ती थेट त्यांच्याशी बोलली. "थांब, बाळ्या."

तिने त्यांचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि थरथरत्या बोटांनी चोळायला लागली. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं आणि कागद जरा बाजूला सरकवला. सही व्हायची होती, तोवर घर दोघांचंच होतं, आणि आत्याला काही घाई नव्हती.