सिमेंटचा परवाना

साठ सालच्या सुमारास मी दारव्ह्याच्या तहसील कचेरीत कारकून होतो. तेव्हा सिमेंट परवान्यावर मिळे आणि त्याचे अर्ज माझ्याकडे येत. एका ठेकेदाराने माझ्या घरी नवी सायकल पाठवली होती. मी ती ठेवून घेतली. त्याचा अर्ज आला की मी तो वर ठेवी, बाकीच्यांना ‘उद्या या’ म्हणे. सगळेच तसं करत, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटत नसे.

गावची ढासळलेली विहीर बांधायला एका म्हाताऱ्या मिस्त्रीला थोडं सिमेंट हवं होतं. तो पाचव्यांदा पायी आला. मी सवयीने ‘उद्या या’ म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, “बाबूजी, मले नाही म्हना. पन उद्या या म्हनू नका. मी खरंच येतो.”

त्याच दिवशी मी तहसीलदारांची सही घेऊन परवाना त्याच्या हातात दिला. तो माझ्या पाया पडायला वाकला. मी घाईने मागे सरलो. त्याच्या हक्काची गोष्ट त्याला उपकार वाटत होती, आणि तशी सवय आम्हीच लावली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी अर्ज तारखेप्रमाणे लावू लागलो. ठेकेदाराने विचारलं, “काहून भाऊ, नाराज हाय का?” “नाही,” मी म्हणालो. त्याची वरपर्यंत ओळख होती; तीन महिन्यांत माझी वणीला बदली झाली.