टेपचं दुसरं टोक

किल्लारीत वाढलेल्या बाईला भुताच्या गोष्टी नवीन सांगू नका. आमच्याकडं भूकंपानंतर जन्मलेल्या पोरांनाही जुन्या गावातले आवाज ऐकू येतात म्हणे! आल्यागेल्या पाहुण्यासमोर तेच पुराण. मी लहानपणापासून चिडायचे... अहो, माणसं गेली, त्यांना जाऊ द्या की आता. आईशी यावरून लई वेळा भांडले आहे. तर सांगायचं एवढंच की मी त्यातली नाही. बहुतेक अजूनही नाही.

मी नांदेडला विद्यापीठात वनसंपदा व्यवस्थापन शिकते, एम.एस्सी.चं दुसरं वर्ष. घरचे विचारतात, त्यात शिकवतात तरी काय? झाडं मोजायला शिकवतात. खरंच! जंगलात दोरीनं चौकोन आखायचा आणि आतल्या प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर टेपनं मोजायचा. त्यावरून जंगल वाढतंय की घटतंय, ते काढायचं. झाड बारीक असलं तर एकटीचं काम. बुंधा जाड असला की दोघी लागतात. एकीनं टेपचं टोक खोडामागं द्यायचं, दुसरीनं मागून ते धरायचं, टेप खाली-वर झाली असेल तर सरळ करायची आणि टोक दुसऱ्या बाजूनं परत द्यायचं.

निखत माझी जोडीदार होती. हिमायतनगरची. वडील नाहीत, अम्मी शिवणकाम करते; मी तिला खाला म्हणते. पोरीनं जंगलात जाऊन कसलं शिक्षण घ्यायचं म्हणून नातेवाइकांनी अम्मीचं डोकं खाल्लं, पण ती बाई हटली नाही. निखत कामात बोलायची नाही, कारण तोंडात कायम आवळासुपारी. टेप मागून नीट बसली की ती नुसते दोन झटके द्यायची. म्हणजे, वाच आकडा.

ज्या दिवसाचं सांगतेय, त्याच दिवशी निखत गेली. हे आधीच सांगून टाकते. शेवटी तुम्हाला धक्का द्यायला मी लिहीत नाही.

इस्लापूरच्या पुढं, सहस्रकुंडाच्या बाजूचं सागाचं जंगल. मार्च महिना, सकाळची वेळ, लख्ख ऊन. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती, काही नव्हतं. पानगळ झालेली, पाऊल टाकलं की पाचोळा कुरकुर वाजायचा. शेवटचं झाड ओढ्याच्या वरच्या अंगाला होतं. जुना अर्जुन, दोघींच्या कवेत मावणार नाही असा बुंधा. आमच्यासोबत आलेले फॉरेस्ट गार्ड, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, ते खाली पायवाटेला गेले होते. निखत म्हणाली, "तू टेप काढ गं, मी तोंड धुऊन आले." ओढा खाली, वळणापलीकडं. मी म्हटलं, "लवकर ये, भूक लागलीय."

हे आमचं शेवटचं बोलणं. भूक लागलीय!

मी खोडावर खडूनं खूण केली, टेप काढली. जरा वेळानं झाडामागं पाचोळा वाजला. "आलीस? धर," म्हणून मी टोक मागं सरकवलं. ते धरलं गेलं. मग दुसऱ्या बाजूनं टोक माझ्या हातात आलं आणि दोन झटके बसले. टोक ओलं होतं. तोंड धुऊन आली, हात पुसायची अक्कल नाही, असं मनात आलं. आकडा वाचला. मोठ्या झाडाचं माप दोनदा घ्यायचं असतं, म्हणून परत टोक मागं दिलं. तोंडानं माझं चालूच होतं... मेसची पातळ डाळ, संध्याकाळची एसटी. ती काही बोलेना, पण ती कधी बोलायची?

या वेळी टोक परत येईना. टेप ताठ, मागून धरलेली. मी ओढली, तरी सुटेना. "अगं दे की! झोपलीस का?" म्हटलं तर मागची पकड आणखी घट्ट झाली. हिसका नाही, जोर नाही. नुसतं धरून ठेवलेलं.

तेवढ्यात मामा खालून धापा टाकत आले. "मॅडम, तुमची मैतरीन वढ्यात पडून हाय."

"न्हाई मामा, ही काय हितंच हाय, झाडामागं." मला त्यांचा रागच आला.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग टेपकडं बघितलं. वळसा घालून झाडामागं गेले आणि तिथूनच हळू आवाजात म्हणाले, "हितं कुनी न्हाई."

ते हे म्हणत होते तेव्हाही माझ्या हातातली टेप ताठ होती. मग मी ती सोडली आणि पळाले.

शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरलेला, डोकं आपटलेलं. पाणी घोट्याएवढं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की ती पडली तेव्हाच गेली असणार, आणि त्याला बराच वेळ झालाय. मामांना मी नंतर विचारलं, तुम्ही मागं गेलात तेव्हा टेपचं टोक खाली पडलेलं होतं का? "आधी न्हवतं, तुमी सोडल्यावर पडलं," एवढंच म्हणाले. पुढं विचारलं की उठून जातात.

कॉलेजात प्रत्येकाकडं कारण तयार आहे. साल अडकली असेल. उन्हानं भास झाला असेल. अरे, अर्जुनाची साल गुळगुळीत असते, निदान झाडं शिकणाऱ्यांनी तरी असं बोलू नये! आणि साल झटके देते का? पण मी आता वाद घालत नाही. मला रडूही आलं नाही, आजवर नाही. जेवते, लेक्चरला बसते, प्रबंधाचं काम करते. दात काढताना भुलीचं इंजेक्शन देतात, तेव्हा गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं सगळं चाललंय.

तिच्या चाळिसाव्या दिवसानंतर मी हिमायतनगरला गेले. तिच्या मावशीनं दारातच सांगितलं की अम्मी धड जेवत नाही, झोपत नाही, येईल त्याला एकच विचारते. मी आत जाऊन बसले तर मलाही तेच विचारलं, "मेरी बच्ची अकेली थी क्या, बेटा? आखिर में?" तिनं आमच्या कॉलेजच्या सरांना विचारलं होतं, मामांना विचारलं होतं. सगळे म्हणत, त्रास झाला नाही. पण तिचा प्रश्न तो नव्हताच ना.

डॉक्टरांचं वाक्य सांगून निघायचं, असं मी ठरवून गेले होते. पण तिच्यासमोर मला ते जमेना. सगळं सांगितलं. ओलं टोक, झटके, घट्ट पकड. मी आत्तापर्यंत कुणाला एवढं सलग सांगितलं नव्हतं.

ती मन लावून ऐकत होती. "पकडको थी?"

"हो खाला. घट्ट."

"तेरे साथ थी फिर." तिनं माझा हात मांडीवर घेतला, तळव्यावरून अंगठा फिरवत बसली. चेहरा सैल झाला. मावशीकडं वळून म्हणाली, पोरीसाठी चहा टाक, मलाही घोटभर दे. मला वाटलं, सांगितलं ते बरं केलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी बरं वाटलं.

मग तिनं, रागानं नाही, अगदी मायेनं विचारलं, "फिर तू कायकू छोड दी, बेटा?"

मी चहा घेतला आणि निघाले.

झाडामागं कोण होतं ते मला आजही सांगता येत नाही, आणि उद्या कुणी पटवून दिलंच तरी मला त्याचा उपयोग नाही. खालाला काय सांगायचं, तेवढं कुणाला सुचत असेल तर लिहा.